सात घोडे, सात माणसं, एक दिवस : नियोजनाच्या नोंदी

१ फेब्रुवारी, रविवार

ठरलं एकदाचं. ८ मार्चला जंगलातल्या उद्यानात दिवसभर घोड्यावरून भटकायचं. मंडळी सहा: मी, ताई, भावजी, भाची (वय १५) आणि दोन मैत्रिणी. वाट दाखवायला पागेतले मोतद्दारकाका, म्हणजे माणसं सात आणि घोडेही सात. मी बारा वर्षं घोड्यावर बसतेय. थोरल्या मैत्रिणीचा हात बरा आहे, भाची वर्षभर शिकतेय. ताई-भावजी आयुष्यात दोन-तीनदा बसलेत, तेही कुणीतरी लगाम धरून पुढे चालत असताना. धाकट्या मैत्रिणीने घोडा अजून लांबूनच पाहिलाय.

नकाशा पसरून बसले. तळ्याला वळसा घालून येणारी वाट २४ किमी. घोडा साध्या चालीने ताशी सहा-साडेसहा किमी जातो, म्हणजे चार तास. जेवणाला एक तास धरला. सकाळी नऊला निघालो तर दुपारी दोन-अडीचला परत. अर्ध्या तासात सगळं नियोजन संपलं. हे काही खरं नसणार.

४ फेब्रुवारी

पागेच्या मालकीणबाईंशी फोनवर बोलले. २४ किमी ऐकून हसल्या. "अहो, सहा किमीचा वेग एकट्या घोड्याचा झाला, मोकळ्या सपाट रस्त्यावरचा. तुमची सात जणांची रांग. कुणाची रिकीब लांब होणार, कुणाची टोपी उडणार. चढ-उतार आणि थांबणं धरून ताशी चार-साडेचार म्हणा."

दुसरा मुद्दा मला सुचायला हवा होता. नवख्या माणसाचे गुडघे आणि बैठक सलग दोन तासांत संपतात. मग तो खोगिरावर पोत्यासारखा बसतो, एका बाजूला कलतो, आणि ते सगळं ओझं घोड्याच्या पाठीवर वेडंवाकडं पडतं. दमतो माणूस, भोगतो घोडा. म्हणून जेवणाआधी दोन तास, नंतर दीड तास, आणि दर तासाला दहा मिनिटं उतरून पायी चालायचं.

तळं गेलं. आता १६ किमीची वाट बघतेय. बाईंनी सगळ्यांची वजनं मागितलीत, उंच्याही. ताई म्हणाली, "वजन कशाला सांगायचं? आपण काय पार्सल आहोत?"

८ फेब्रुवारी, रविवार

वजनांचा दिवस. नियम असा की माणूस, खोगीर, खोगिराखालची गादी आणि पिशव्या मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहायचं. २००८ साली अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार लादून पाहिला होता. २५ आणि ३० टक्क्यांना नाडी जास्त चढली आणि नंतर स्नायूही जास्त दुखरे झाले. खडकाळ चढ असेल तर मी २०च्याही खालीच राहीन.

पण घोड्याचं वजन कळणार कसं? त्याला काट्यावर चढवणारा अजून मला भेटलेला नाही. त्यासाठी सूत्र आहे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत.

ताईच्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेऊन गेले होते. ती १५० सेंमीची. अबलख घोड्याचा घेरच १८०! काका काही बोलले नाहीत, नुसती सुतळी आणून दिली. सुतळीने घेर घेतला, गाठ मारली, मग सुतळी जमिनीवर ठेवून मोजली. अबलखाची लांबी १६५, वजन बरोबर ४५० किलो. त्याच्यावर एकूण ९० किलो चालतील. खोगीर-गादीचे १४ काढले की माणसाला उरतात ७६. मी ५८ किलोची, तेव्हा अबलख माझा.

भावजी ९२ किलो. (ताईने फोनवर ८८ सांगितले होते.) पागेतला सगळ्यात थोर म्हणजे करडा. घेर १९३, लांबी १७४, वजन ५४५ किलो, मर्यादा १०९. भावजी अधिक खोगीर १०६. तीन किलो शिल्लक. भावजींचा डबा, पाण्याची बाटली आणि त्यांची ती दुर्बीण दुसऱ्या कुणाच्या तरी खोगिराला जाईल. त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे मी आणि माझं जेवण वेगवेगळ्या घोड्यांवर?" होय भावजी.

निघता निघता बाईंनी विचारलं, खोगीर पागेतलं घेणार की स्वतःचं आणणार? स्वतःचं, अर्थातच. बारा वर्षांत ते माझ्या अंगाला बसलंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

१६ किमी पायी चालून पाहिले, मी आणि काका. ज्या वाटेवर घोडा न्यायचा ती आधी पायी बघायची, हा त्यांचा कायदा. मी नकाशावरच्या रेषा बघत होते, काकांचं लक्ष वर.

फांद्या हे पहिलं कारण. घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास असतं. चालणाऱ्याला जी वाट मोकळी वाटते ती स्वाराच्या कपाळावर येते. काकांनी तीन मीटरची काठी घेतली होती. काठी अडली की वहीत खूण. पहिल्या तीन किमीत अकरा खुणा. त्यांतल्या चार ठिकाणी मान घोड्याच्या मानेलगत वाकवली की भागेल. बाकीच्या उद्यानाच्या लोकांना दाखवायच्या, आपण होऊन कोयता चालवायचा नाही.

अडीच किमीवर ओढा आणि त्याच्यावर लाकडी साकव. मी साकवाकडे निघाले तर काकांनी हाक मारली. पाचशे किलोंचं जनावर, त्यात चारच टेकू. फळ्या माणसांच्या हिशोबाने टाकलेल्या आहेत. बाजूला पन्नास पावलांवर उतार सापडला. तळ खडीचा, पाणी गुडघ्याखाली, पलीकडचा काठ बसका. काठीने तळ चाचपला, चिखल नाही. घोडा पाण्यातून न्यायला कचरतो याचं एक कारण त्याचे डोळे. दोन्ही बाजूंचं मिळून जवळजवळ सगळं वर्तुळ त्याला दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. पाण्याची खोली तर त्याला मुळीच कळत नाही. त्याला मान खाली घालून हुंगू द्यायचं. घाईत टाच मारली की तो उडी मारून ओढा ओलांडतो, आणि वरचा माणूस ओढ्यात राहतो.

पाचव्या किमीला माळ संपून दाट झाडीत शिरतो. लख्ख उन्हातून एकदम काळोख. इथे काका थांबले आणि म्हणाले, "इथे सगळे थांबणार, लिहून ठेवा." घोड्याला अंधारात माणसापेक्षा चांगलं दिसतं, पण उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला त्याला जास्त वेळ लागतो. त्याच्या लेखी ती झाडी म्हणजे भोक. तेव्हा झाडीच्या तोंडाशी अर्धा मिनिट उभं राहायचं.

सातव्या किमीला जेवणाची जागा. सपाट आहे, सावली आहे. ओढा तिथून शंभर मीटर, हेही चांगलं. घोडे पाण्यापासून निदान साठ मीटर लांब बांधायचे, म्हणजे लीद-मूत ओढ्यात जात नाही.

नवव्या किमीवर पुढची मौज अडली. चिकणमातीचा उतार, शंभर मीटर लांब, मधोमध पाण्याने खणलेली नाळ. कोरडा आहे तोवर ठीक. ओला झाला तर सात घोड्यांतला सातवा नुसत्या चिखलावरून उतरणार. त्याला वळसा घालणारी एक वरची वाट आहे, तिने एकूण अंतर १४ किमीवर येतं, पण कड्यावरून दरी दिसते ती जागा हुकते. तीच जागा दाखवायला मी हा सगळा घाट घातला होता.

येताना काकांनी जमिनीतलं एक भोक दाखवलं. गांधीलमाश्या. जमिनीतल्या पोळ्यावरून पहिला घोडा जातो तेव्हा त्या जाग्या होतात, आणि डसतात तिसऱ्या-चौथ्याला. रांगेच्या मधोमध नवखी माणसं असतात! वाट तिथे पंधरा पावलं सरकवली.

१७ फेब्रुवारी

उद्यानाच्या कार्यालयात. घोड्यांना कोणत्या वाटा खुल्या, गट केवढा चालतो, गाडी कुठे लावायची, सगळं विचारून घेतलं. वरची वाट घोड्यांना खुली आहे. खालची, चिकणमातीची, पाऊस झाला की बंद करतात. म्हणजे निर्णय माझ्या हातात नाहीच.

चाऱ्याची अट मला नवीन होती. गवतातलं तणाचं बी घोड्याच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतं आणि लिदेत छान रुजतं. म्हणून तणाचं बी नसलेलाच चारा आणायचा, आणि तोही दोन-तीन दिवस आधीपासून द्यायचा. बाईंना कळवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पागेच्या मैदानात सगळ्यांची तालीम. तीन तास.

चढताना ओट्यावरून चढायचं, जमिनीवरून रिकिबीला लोंबकळून नाही. लोंबकळलं की खोगीर फिरतं आणि घोड्याचा कणा पिरगळतो. भावजींनी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा विसरले, करड्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

रांगेचा नियम भाचीने सगळ्यांना शिकवला: पुढच्या घोड्याचे मागचे खूर आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर आपण फार जवळ आहोत. तांबडी घोडी लाथ मारते, तिच्या शेपटीला लाल फीत, आणि ती रांगेत शेवटी. तिच्यावर थोरली मैत्रीण. सगळ्यात पुढे काका आणि त्यांचा पंचकल्याणी. धाकटी मैत्रीण दुसरी, काकांच्या हाताशी.

मग रेनकोट. हा माझा हट्ट. सगळ्यांचे रेनकोट आणायला लावले आणि घोड्यांसमोर उघडून, झटकून, अंगात घालून दाखवले. पाच घोडे ढिम्म. ताईच्या घोडीने प्लॅस्टिकचा करकराट ऐकला आणि तीन पावलं आडवी गेली. ताई खाली उभी होती म्हणून बरं. तो रेनकोट रद्द, ती कापडी जाकीट घालेल.

बाईंनी माझं खोगीर हातात घेऊन उलटं केलं, खालची बाजू बघितली. म्हणाल्या, "अबलखाची पाठ रुंद आहे हो. एकदा घालून, बोटं सारून बघा." मी घालून बघितलं. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर तीन बोटं मोकळी होती. ठीक आहे म्हटलं. पाऊस भुरभुरायला लागला म्हणून तालीम आटोपली.

२६ फेब्रुवारी

पाणी आणि पोट. घोडा दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पितो, घाम गेला तर जास्त. वाटेत ओढा तीनदा लागतो, तिन्ही ठिकाणी पाजायचं. तापलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये ही समजूत जुनी आहे आणि चुकीची. पिऊ द्यावं, मग चालतं ठेवावं. पाण्यावर एक शिस्त मात्र कडक: शेवटच्या घोड्याचं पिऊन होईपर्यंत पहिल्याने हलायचं नाही. कळपातलं जनावर आहे ते. बाकीचे निघालेले दिसले की तहान टाकून मागे धावतं.

सकाळी रिकाम्या पोटी काढायचे नाहीत. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं. निघण्याआधी किलो-दीड किलो सुका चारा खाल्ला की ते आम्ल चालताना वर उसळत नाही. दाणा मात्र निघायच्या तोंडावर नको. दुपारी जाळीत चारा टांगायचा. घोड्याला उलटी करता येत नाही, जे आत गेलं ते पुढेच जाणार. त्यामुळे वाटेवरचा पाला ओरबाडू द्यायचा नाही. कण्हेरीची थोडी पानंही जीव घेतात.

बांधायचं कसं: दोन जाड झाडांच्या मध्ये, घोड्याच्या डोक्याच्या वर ताणलेला दोर, झाडाला रुंद पट्टे म्हणजे साल सोलत नाही. घोडे त्या दोराला, एकमेकांना लाथ लागणार नाही इतक्या अंतरावर. झाडालाच बांधला तर तो कंटाळून खुराने मुळं उकरतो. मोरकीला बांधायचं, लगामाला कधीच नाही. घोडा बिचकून मागे हटला की तोंडातली कडी जीभ फाडते. आणि गाठ एका झटक्यात सुटणारी. भाचीला येते, भावजी अजून शिकताहेत.

१ मार्च, रविवार

सामान. हेल्मेट सगळ्यांना, घोडेस्वारीचंच. सायकलचं डोक्याच्या मागच्या बाजूला कमी पडतं. बुटाला टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला माणूस फरफटतो. ताईच्या नव्या बुटांना टाच नाही. ते घरी राहतील, ती नाराज आहे.

मोबाईल अंगावरच्या खिशात. खोगिराच्या पिशवीत ठेवला आणि घोडा सुटला, तर मदतीला फोन करायचं साधन घोड्याबरोबर गेलं. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. खूर साफ करायचा आकडा, सुरी, पट्ट्या, एक जादा दोर, नाल निघाला तर खुराला चढवायचा रबरी बूट. नालबंद मागच्याच आठवड्यात येऊन गेला, हे विचारून घेतलं.

नाडी बघायचं काम भाचीकडे. जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचे. स्वस्थ उभ्या घोड्याची २८ ते ४४. जेवणाला थांबल्यावर पंधरा मिनिटांत ६४च्या खाली आलीच पाहिजे, नाहीतर त्या घोड्याचा दिवस तिथे संपला. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यावा.

५ मार्च

रात्रभर पाऊस. सकाळी कार्यालयातून कळलं, खालची वाट बंद. कडा गेला, १४ किमी पक्के.

संध्याकाळपर्यंत चिडले होते. मग आठवलं, पाहुण्यांना तो कडा ठाऊकच नाही. हुकलाय तो फक्त माझा.

७ मार्च

रविवारचा अंदाज १८ अंश, आर्द्रता ६० टक्के. घोडेवाल्यांचा ठोकताळा असा: फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा आकडा यांची बेरीज करायची. १३०च्या आत घोडा स्वतःला सहज थंड करतो, १५०च्या पुढे जपून, १८०च्या पुढे पागेबाहेर काढूच नये. उद्याची बेरीज ६४ अधिक ६०, १२४.

वाट, वेळा आणि परत न आल्यास कुणाला कळवायचं ते कागदावर लिहून एक प्रत बाईंकडे, एक गाडीच्या काचेआड. सूर्यास्ताच्या दोन तास आधी परत. घोडामैदान जवळच आहे.

८ मार्च, रविवार

९.१५ निघालो. अंगणातच पाऊण तास गेला, तोही धरायला हवा होता. दहा मिनिटांनी थांबून सगळ्यांचे तंग पुन्हा आवळले. घोडे खोगीर घालताना पोट फुगवतात, करडा त्यात उस्ताद. दोन भोकं आत आला.

ओढ्यात धाकट्या मैत्रिणीची घोडी मधोमध थांबून पुढच्या पायाने पाणी उडवू लागली. काका ओरडले, "टाच मारा ताई, बसतेय ती!" हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. पाणी खुराने उडवणं म्हणजे लोळायची तयारी. टाच बसली, घोडी निघाली, मैत्रीण कंबरेपर्यंत भिजली.

झाडीच्या तोंडाशी अर्धा मिनिट. सातही थांबले, एकही बिचकला नाही.

११.३५ जेवण. भाचीने सात नाड्या लिहिल्या, सगळ्यात जास्त ५६, करड्याची नव्हे, ताईच्या घोडीची. भावजींनी आपला डबा माझ्या घोड्यावरून उतरवून घेतला.

परतीची वाट वरची. समोरून दोन पादचारी आले. काकांनी त्यांना उताराच्या बाजूला उभं राहून बोलत राहायला सांगितलं. आवाज आला की घोड्याला कळतं की हा माणूस आहे. घराकडे तोंड झाल्यावर घोड्यांनी वेग धरला, शेवटचे दोन किमी त्यांना आवरत साध्या चालीने आणले. शेवटचा अर्धा किमी सगळे पायी.

२.५० पागेत. घड्याळातलं अंतर १३.८ किमी. कुणी पडलं नाही. ताईला जिना चढवेना.

खोगिरं उतरवली. घामाचा ठसा सगळ्या पाठींवर सारखा ओला असावा लागतो. सहांवर होता. अबलखाच्या पाठीवर उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन कोरडे डाग, भोवती सगळं चिंब. चिमटा बसतो तिथे घामच फुटत नाही. मी बोटाने दाबलं, त्याने पाठ खाली घेतली.

बाई बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत.

९ मार्च

पागेत फोन. डागांच्या जागी सूज, हात लावू देत नाही. आठवडाभर पाठीवर काही घालायचं नाही. २२ तारखेला मी वरची तीन बोटं मोजली, बाजूला हात सारून पाहिलाच नाही. तिथेच खोगिराचा सांगाडा अरुंद आहे. मी ५८ किलोची म्हणून माझ्या घोड्याची काळजी मी केलीच नव्हती. भावजींची दुर्बीण तेवढी तोलत बसले.

१४ मार्च

खोगीर घेऊन पागेत गेले. काकांनी जाड तारेचा तुकडा अबलखाच्या पाठीवर वाकवून तिचा आकार कागदावर उतरवून दिला, तो खोगिराखाली धरला. दोन्ही बाजूंना बोटभर फरक. खोगीर दुरुस्त होत नाही, सांगाडाच तसा आहे. तांबड्या घोडीला बसतं म्हणे.

सूज उतरलीय. मी खरारा केला, त्याने करू दिला. डाव्या बाजूला अजून कातडं थरथरतं. बाईंनी आणखी चार दिवस सांगितलेत. कागदावरचा आकार वहीत चिकटवलाय, पुढच्या वेळी वजनाच्या सुतळीबरोबर तारही न्यायची.